इक्वॅलिटी आणि इक्विटी : पाण्याच्या पाळीवरून एक चिंतन

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८

काल पाचव्या अध्यायातल्या सतराव्या श्लोकापाशी आपण थांबलो होतो. आजचा अठरावा. अर्थ बहुतेकांना पाठ आहे. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं तो माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी मनुष्य सारख्याच दृष्टीने बघतो. असं बघण्याला आपण समदर्शन म्हणतो.

या श्लोकावर लिहायला मी मागच्या आठवड्यातच बसणार होतो, पण राहून गेलं. का राहिलं ते शेवटी सांगतो.

झालं असं, की माझी भाची पुण्यात एका कंपनीत आहे. तिला ऑफिसात काही बोलायचं होतं म्हणून तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, तुम्ही शिक्षक होता म्हणून विचारते. इक्वॅलिटी आणि इक्विटी यांत फरक काय? मराठीत दोन्हींना समानताच म्हणायचं का?" मी सवयीने म्हणालो, "अगं, सोपं आहे, उद्या सांगतो." आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सोपं नाहीये.

म्हणून आधी शब्दांकडे बघू.

दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच मुळातून आलेत. ते मूळ म्हणजे 'इक्वस', अर्थ सपाट, समतल, सारखं. एकाच आईची दोन लेकरं, पण वाढली वेगवेगळ्या घरांत. इक्वॅलिटी गेली मोजमापाच्या घरात. तराजू, फूटपट्टी, गणितातलं बरोबरचं चिन्ह, हे तिचं गणगोत. दोन गोष्टी शेजारी ठेवा, सारख्या भरल्या की झालं. इक्विटी गेली न्यायाच्या घरात. इंग्लंडात जुन्या काळी साध्या कोर्टात कायद्याच्या अक्षरावर निकाल लागायचा. त्या अक्षराने एखाद्यावर अन्याय होत असेल, तर माणूस राजाच्या चॅन्सलरकडे दाद मागायचा आणि तो सदसद्विवेकाला धरून निकाल द्यायचा. त्या कोर्टाचं नावच इक्विटी. आपल्याकडच्या वकिलांनाही 'जस्टिस, इक्विटी अँड गुड कॉन्शन्स' हे शब्द ओळखीचे आहेत.

शेअर बाजारवाले म्हणतील, इक्विटी म्हणजे शेअर! तेही खरंच आहे, आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात जमीन गहाण पडली आणि ठरल्या दिवशी पैसे फिटले नाहीत की कायद्याने जमीन गेली. एक दिवस उशीर झाला तरी गेली. मग त्या चॅन्सलरच्या कोर्टाने म्हटलं, पैसे उशिरा का होईना देतोय ना, मग जमीन सोडवून घ्यायचा त्याचा हक्क शिल्लक आहे. त्या शिल्लक हक्काला इक्विटी म्हणू लागले, आणि पुढे मालकाच्या हिश्शालाच तो शब्द चिकटला. म्हणजे मंडळी, इक्विटी हा मालकी हिस्सा आहे, दान नव्हे. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने याला एक छान दाखला दिलाय. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरायचे. लोखंडाची पट्टी दगडाला वाकत नाही, शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते आणि तरी मापच देते. नियम सगळ्यांना एक, पण समोरच्या परिस्थितीला धरून लावायचा, हा त्यातला भाव.

आता आपल्या मुलखात येऊ. कारण या दोन शब्दांचं भांडण सातारा-सांगलीइतकं उघड्यावर फार थोड्या ठिकाणी झालं असेल. आणि ते झालं पाण्यावरून.

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुका, तिथे चार-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. कोयनेच्या धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर आटपाडी, जत, कवठे महांकाळ इथल्या बायाबापड्यांनी टँकरच्या मागे घागरी घेऊन पळण्यात हयात घालवली. नदीकाठी ऊस उभा आणि माळावर कुसळं. पाऊस देवाने कमीजास्त दिला हे खरं, पण धरणं, कालवे आणि पाटाच्या पाळ्या माणसानेच ठरवल्या ना?

पाटाच्या पाण्याचा साधा नियम काय असतो? एकराला अमुक पाणी. सगळ्या एकरांना सारखं. वरवर बघता याच्याइतकी समानता कुठली नाही. पण ज्याची वीस एकर त्याला वीस वाटे, ज्याची एक एकर त्याला एक, आणि ज्याला जमीनच नाही त्याला? काही नाही. नियमात कुठेही लबाडी नाही. तरी भूमिहीनाच्या हातात शून्य.

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. त्यांनी मापच बदललं. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदी आहे. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप झाला, कामगार गावी परतले, वर दुष्काळ. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी, भारत पाटणकर त्यात होते, ठरवलं की वाळू गावाची, तर ती गावानेच थोडी विकावी आणि त्या पैशातून धरण बांधावं. तांदुळवाडी आणि बलवडी या गावांनी असं बळीराजा स्मृती धरण उभं केलं. आणि त्याचं पाणी वाटताना ठरवलं, प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा. जमीन असो वा नसो. पुढे नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालंच पाहिजे म्हणून लोक उठले. त्या चळवळीतून एक मराठी शब्द घरोघर गेला : समन्यायी पाणीवाटप. पुढे २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातही समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या माळावरच्या माणसांनी कधीच शोधून ठेवलं होतं. इक्वॅलिटी म्हणजे समानता, इक्विटी म्हणजे समन्याय.

पण थांबा. बारकाईने बघा. एकराला सारखं पाणी, ही समानता. कुटुंबाला सारखं पाणी, हीसुद्धा समानताच की! मग भांडण समानता विरुद्ध समन्याय असं नाहीच. भांडण आहे ते 'कशात समान?' यावर. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली एका व्याख्यानात हाच प्रश्न मांडला होता, समानता म्हणता, पण कशाची? समन्याय हा समानतेचा वैरी नव्हे. समानतेला तो विचारतो, बाई गं, तू मोजतेस ते बरोबर मोजतेस, पण मोजायचं काय ते कुणी ठरवलं?

आणि भूमिहीन कुटुंबाला जो वाटा मिळाला, त्याचा अर्थही बघा. त्याच्याकडे रान नाही, पण पाणी आहे. तो रानवाल्याकडे जाऊन म्हणू शकतो, तुझं रान, माझं पाणी, मिळून पिकवू. काल तो मजुरी मागायला जात होता, आज भागीदार म्हणून जातो. इक्विटी म्हणजे मालकी हिस्सा, असं मघाशी म्हटलं ते यासाठी.

आता परत आपल्या श्लोकाकडे.

या श्लोकावर प्रवचनात हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं : गीता समदर्शन सांगते, समवर्तन नव्हे. हत्तीला आणि कुत्र्याला कुणी सारखाच चारा घालत नाही. बघायचं सारखं, वागायचं ज्याच्या त्याच्या परीने. मीही हे वाक्य वर्गात आणि ओट्यावर कितीदा तरी सांगितलंय. पंगतीत वाढणारी माउली लेकराला अर्धी पोळी आणि नांगर धरून आलेल्याला चार भाकरी वाढते, तिचं प्रेम कमीजास्त असतं का? वाक्य खरं आहे. इक्विटीचं मर्मच त्यात आलं.

पण याच वाक्याने आपल्या समाजात केवढं पाप पचवलंय!

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत १९०० साली एका मुलाचं नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि त्या ७ नोव्हेंबरला राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९०१ साली भाऊ आणि भाच्यांबरोबर तो साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी नोकरीला होते. आगगाडीने मसूरला उतरले, पुढे बैलगाडी. डब्यात जेवण भरपूर, पण रस्त्यात कुणीही प्यायला पाणी देईना. जात कळली म्हणून. रात्रभर लेकरं तहानलेली आणि उपाशी राहिली, कारण पाण्यावाचून घास उतरेना. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवलाय.

ज्या घरांनी त्या मुलांना पाणी नाकारलं, त्यांतल्या एखाद्या घरात तरी गीता असेलच ना? हा अठरावा श्लोक कुणी तरी वाचला असेलच ना? आणि मनाला समजावलं असेल, की आत्मा सगळ्यांत एकच, आम्ही कुठे नाही म्हणतो, पण वागणं ज्याचं त्याचं वेगळं. दर्शन सम, वर्तन विषम.

म्हणून मंडळी, वेगळी वागणूक दोन प्रकारची असते. एक समदृष्टीतून येते : तू आणि मी सारखे, म्हणून तुझ्या वाटेतला खड्डा आधी भरू. दुसरी समदृष्टीची सोंगाडी बहीण असते : तू आणि मी वेगळे, म्हणून तुझं तू तिकडे. बाहेरून दोन्हींत 'वेगळं वागणं' दिसतं. फरक ओळखायचा कसा?

मला तीन कसोट्या सुचतात.

पहिली, त्या वेगळेपणाचा फायदा कुणाला होतो? ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडे काही सरकतं, की ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं?

दुसरी, सहाव्या अध्यायात बत्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी जो शब्द वापरलाय तो, आत्मौपम्य. स्वतःवरून दुसऱ्याचं सुखदुःख जाणणं. त्याच्या जागी मी असतो तर ही वाटणी मला पटली असती का?

तिसरी, आणि ही मला सगळ्यात अवघड वाटते : ज्याच्याबद्दल ठरवलं त्याला विचारलं होतं का? येरळेच्या काठी भूमिहीन माणूस बैठकीत बसलेला होता. मसूरच्या रस्त्यावर त्या लेकरांना कुणी विचारलं नव्हतं.

यातून मला वाटतं ते असं. काही गोष्टींत समन्यायाची भाषा काढायचीच नाही, तिथे निखळ समानताच हवी. प्यायचं पाणी, मताचा अधिकार, देवळाचा उंबरठा, कायद्यापुढचं उभं राहणं. राज्यघटनेचं चौदावं कलम ही त्या घराची जोती आहे. जोती पक्की झाली की तिच्यावर समन्यायाची भिंत उभारायची. जोती न घालता भिंत उभारली, तर तिला समन्याय म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात. आणि नुसती जोती घालून थांबलो, तर तेही घर नव्हे.

आता सुरुवातीला म्हटलं ते. लिहायला उशीर का झाला.

मी हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मस्त सांगितलंत मामा. कशात समान, हा प्रश्न मी नक्की घेणार. आणि कोणाकोणात समान, असंही विचारायला हवं ना?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिला माहीतही नसेल. पण माझ्या हातातला फोन जड झाला.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. वडील गेल्यावर १९९९ साली आम्ही तिघा भावांनी जमिनीची वाटणी केली. मोजणी आणली, बांध घातले, तिघांचे वाटे गुंठ्यागुंठ्याला सारखे. गावाने नाव घेतलं, की मास्तरांच्या घरात भांडण नाही. पण आम्ही तीन नव्हतो, चार होतो. आक्का सगळ्यांत थोरली. १९५६ च्या कायद्यानेही ती वडिलांची वारस होती. वडिलोपार्जित जमिनीत लेकींना बरोबरीचा हक्क देण्याच्या दिशेने महाराष्ट्राने १९९४ साली पाऊल टाकलं होतं, २००५ ला तो देशभर झाला. तिच्याकडून आम्ही हक्कसोडपत्र लिहून घेतलं. तालुक्याला जाऊन तिने सही केली, आम्ही तिला साडी घेतली, हॉटेलात जेवलो. मी स्वतः म्हणालो होतो, "आक्काला काय कमी आहे? तिच्या घरी बागायत आहे." बघा, किती समन्यायी बोललो! गरज बघून वाटप. तेही तिला एका शब्दाने न विचारता.

पुढे दाजींना अर्धांगवायू झाला. दवाखान्यात त्यांची बागायत अर्धी गेली. इकडे आमच्या शिवारात टेंभूचं पाणी आलं. माझ्या वाट्याच्या माळाला आज डाळिंब आहे. आक्काने कधी तोंडातून ब्र काढला नाही. आणि मी रोज सकाळी इथे तुम्हाला समदर्शन सांगत आलो.

वरच्या तिन्ही कसोट्या मी स्वतःला लावून बघितल्या. फायदा कुणाला झाला? मला. तिच्या जागी मी असतो तर पटलं असतं? नाही. विचारलं होतं? नाही. सही घेतली होती. विचारणं आणि सही घेणं यांतही इक्वॅलिटी-इक्विटीइतकाच फरक आहे.

परवा साताऱ्याहून एसटी धरली आणि आक्काकडे गेलो. दाजी खाटेवर होते. चहा झाला. मी म्हणालो, "आक्का, माझ्या वाट्यातली जमीन तुझ्या नावावर करायची म्हणतोय. दोघा भावांशी बोललो नाही अजून, बोलेन. पण माझ्यापुरतं माझ्या हातात आहे." ती बराच वेळ सुपातलं निवडत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे रं बाळा, काय करायचंय. तसं म्हणाली असती तर, खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं असतं.

ती म्हणाली, "गुंठं किती ते मागनं बोलू. पाणी कुठल्या अंगाला हाय ते आधी सांग."

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. माझ्या मनात माळाचा वरचा तुकडा होता, जिथे पाइप पोचत नाही. गुंठे भरले असते आणि समानता झाली असती. आक्का शाळेत चौथीपर्यंत गेली, पण कशात समान, हे तिला अमर्त्य सेनांकडून शिकावं लागलं नाही.

ओढ्याच्या अंगाची, पाइपलाइनला लागून असलेली जमीन द्यायची ठरवलीय. कागदपत्रांचं तालुक्याला विचारून आलोय. थोरल्या दादाला अजून सांगितलेलं नाही, ते सोपं जाणार नाही. झालं की लिहीन. नाही झालं तरी लिहीन, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

समदर्शन डोळे मिटून होत नाही, मंडळी. डोळे उघडून आधी मोजावं लागतं, कुणाला मोजलंच नाही ते.

आजचा अभ्यास : आपल्या घरात, भावकीत, कामाच्या जागी जी एखादी 'सारखी' वाटणी झाली आहे ती आठवा. आणि दोन प्रश्न विचारा. कशात सारखी? आणि कोणाकोणात सारखी? उत्तर मनाला टोचलं तर आजच्यापुरता एवढाच जप पुरे.

उद्या श्लोक एकोणिसावा.

॥ राम कृष्ण हरी ॥